मास्तरचं बिघडलेलं पोट

थोरलीला धाकटीचा हेवा वाटायचा, आणि तो काही आजकालचा नव्हता. धाकटी सून म्हणून घरात आली त्या दिवशी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "घरात उजेड आला बाई!" थोरली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुसत उभी होती. म्हणजे याआधी आम्ही सगळे अंधारात चाचपडत होतो की काय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही. विसरली मात्र मुळीच नाही.

माणसं म्हणतात, वय झालं की मत्सर निवतो. काही निवतबिवत नाही. गुडघे दुखायला लागले की माणसाचं पळणं थांबतं, पण पळणाऱ्याकडे बघून जळायला गुडघे कशाला लागतात?

थोरलीचं तळमजल्यावर पडद्यांचं दुकान होतं. पूर्वी नवरा जुने सोफे भरून द्यायचा आणि ती त्यांची कव्हरं शिवायची. नवरा गेल्यावर सोफे बंद झाले, पडदे राहिले. तिच्या हातात कसब होतं. फुलाफुलांच्या कापडाचे दोन पाट ती असे जोडायची की इकडचं अर्धं फूल तिकडच्या अर्ध्या फुलाला नेमकं भेटायचं आणि शिवण शोधून सापडायची नाही. जीभ मात्र कात्रीच्या वरताण. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हा रंग मला शोभेल का हो?" त्यावर ती म्हणाली, "पडदा तुम्ही अंगावर घेणार आहात की खिडकीवर टाकणार आहात?" गिऱ्हाईक हसलं म्हणून बरं.

धाकटीचं सगळं उलट. तिने जन्मभर एका चष्म्याच्या दुकानात नोकरी केली. "तुमच्या नाकाला हीच फ्रेम बघा, नाक कसं ऐटीत दिसतं!" असं म्हणून ती बसक्या नाकाच्या माणसालासुद्धा खूष करून पाठवायची. रस्त्याने जाताना निम्मं गाव तिला हाका मारायचं. निवृत्त झाली, नवरा वारला, मुलगी लांब संसाराला गेली, तशी ती परत याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. वरचा मजला तिच्या नवऱ्याच्या वाटणीचा, तेव्हा येऊ नको म्हणायची सोय नव्हती. "बरं झालं आलीस, सोबत झाली," असं थोरली म्हणाली, आणि धाकटीची शेवटची पेटी वर गेल्यावर तिने दुकानाचं दार जरा जोरातच लावलं.

सासूबाई धाकटीच्या, शेजारपाजार धाकटीचा, थोरलीचा स्वतःचा मुलगासुद्धा फोनवर आधी विचारणार, "काकू कशी आहे?" एकच जीव असा होता की जो निखळ थोरलीचा होता. तो म्हणजे मास्तर.

मास्तर कुत्रा होता. थोरलीच्या नवऱ्याने एका गिऱ्हाइकाचा जुना सोफा उलटा करून खालचं अस्तर टरकावलं, तर आतून स्प्रिंगांच्या मधून एक पिल्लू बाहेर पडलं. कुठल्या कुत्रीने तिथे बाळंतपण उरकलं होतं देव जाणे. गिऱ्हाइकाने हात वर केले, "सोफा आमचा, हे आमचं नाही." पिल्लाच्या भुवया तेव्हापासूनच झुपकेदार, आणि बघणं असं की आता हा गृहपाठ दाखवा म्हणणार. म्हणून मास्तर. तो थोरलीच्या मशीनखाली कापडाच्या चिंध्यांवर वाढला. मशीन सुरू झालं की त्याला झोप लागायची, थांबलं की जाग यायची. नवरा गेला तेव्हाही तो मशीनखालीच होता, आणि त्या वेळी थोरली कोणापाशी रडली असेल तर त्याच्यापाशी.

आता मास्तर म्हातारा झाला होता. तोंड पांढरं, मागचे पाय ताठर, कान सोयीपुरते. आणि या वयात, धाकटी राहायला आल्यावर, त्याला जिने चढायची हौस आली.

जेवणं झाली, थोरली जरा पाठ टेकायला गेली, की हे महाशय उठायचे, अंग ताणायचे, आणि एकेक पायरी मोजल्यासारखी चढत वर. चढताना इतकं कण्हायचे की बघणाऱ्याला वाटावं, कोणी जुलूम करतंय. वरून धाकटीचा आवाज यायचा, "आले का मास्तर? या, या, वाटच बघत होते!" आणि थोरली कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करायची. चार वाजायच्या सुमाराला स्वारी खाली यायची, तोंडाला भलतेच वास. एकदा चीज, एकदा कलेजी, एकदा चक्क क्रीमचं बिस्कीट.

"तू त्याला वर काय देतेस गं?" थोरलीने जिन्यातून विचारलं.

"काही नाही हो जाऊबाई. पाहुणा आला तर रिकाम्या तोंडाने कसं पाठवायचं? तुकडाभर."

पाहुणा! काल राहायला आलेली ती, आणि पाहुणा मास्तर!

थोरली काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने जेवणाआधी मास्तरला वाटीभर दूध द्यायला सुरुवात केली. वर दाट साय. पोट भरलेलं असलं की जिना आठवायचा नाही, हा हिशेब. मास्तरने दूध प्यायलं, मिशा चाटल्या, थोरलीकडे कृतज्ञतेने बघितलं आणि जिना चढला.

मग वाटीचा वाडगा झाला. तिकडे वर तुकड्याचे तुकडे झाले असणार, कारण मास्तर आता पाचच्याही पुढे येऊ लागला. आणि त्याच्या पोटातून आवाज येऊ लागले. मशीन बंद असताना कुठे मशीन चालतंय म्हणून थोरलीने एकदा वाकून बघितलं, तर ते मास्तरचं पोट होतं. वासाचं तर विचारूच नका. एक गिऱ्हाईक पडद्याचं कापड निवडता निवडता "आलेच हं" म्हणून गेलं ते आलंच नाही.

हे सगळं कलेजीमुळे, असं थोरलीने ठरवून टाकलं, आणि पोटाला थंडावा म्हणून संध्याकाळचंही दूध चालू केलं. धाकटीने ठरवलं की हे सगळं दुधामुळे, आणि उतारा म्हणून वर पपई चालू केली. दोघी एकमेकींचं निस्तरत होत्या. कुत्रं एक, पोट एक, आणि उतारे दोन्हीकडून.

व्हायचं तेच झालं. एका सकाळी थोरलीने दुकान उघडलं आणि नाकाला हात लावला. मास्तरला बाहेर जाण्याइतका धीर निघाला नव्हता. दाराशी पोचायच्या आत जे व्हायचं ते झालं होतं, आणि जिथे झालं होतं तिथे गिऱ्हाइकाचा मखमली पडदा घडी घालून ठेवलेला होता. वाइनच्या रंगाचा. आदल्याच दिवशी पुरा झालेला. मास्तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. कोणी ओरडलं असतं तर बरं, असं ते बसणं होतं.

थोरलीने पडद्याकडे बघितलंच नाही. जिन्याखाली जाऊन तिने हाक मारली. "अगं ए! खाली ये! बघ, काय केलंस ते!"

धाकटी धावत आली. पडदा बघितला, मग मास्तरकडे गेली आणि जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मास्तरने घेऊ दिलं. थोरलीच्या काळजात कळ उठली ती पडद्यासाठी नाही.

"कलेजी!" थोरली म्हणाली. "आणखी दे. पाहुणा ना तुझा?"

"आणि साय कोण देतं, जाऊबाई? रोज मिशांना साय लागलेली असते. मीच पुसते."

"तू पुसतेस? माझ्या कुत्र्याच्या मिशा तू पुसतेस?"

"भांडण मागाहून करू," धाकटी म्हणाली. "याचं नाक बघा किती कोरडं आहे. आधी डॉक्टरकडे चला."

हे तिचं असं. भांडायच्या वेळी शहाणपणाचं बोलायची. असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

जनावरांची डॉक्टर तरुण होती आणि कोणाचं ऐकून घ्यायच्या फंदात पडणारी नव्हती. तिने मास्तरला टेबलावर घेतलं, हिरड्या बोटाने दाबून बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, पोट चाचपलं. मास्तरने हे सगळं शाळा तपासायला साहेब आल्यासारखं सहन केलं.

"नेहमीच्या खाण्याशिवाय याला काय काय मिळतं?"

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

डॉक्टरने वर बघितलं. "इतक्या एका सुरात खरं कोणी बोलत नाही. एकीने बाहेर बसा."

थोरलीला बाहेर बसावं लागलं. बंद दाराआड धाकटी काय सांगतेय, मास्तर कोणाकडे बघतोय, काही कळेना. शेजारी एक माणूस पिंजऱ्यातला पोपट घेऊन बसला होता. तो म्हणाला, "काय झालंय?" "जाऊ झालीय," थोरली म्हणाली. मग तिला आत बोलावलं आणि धाकटी बाहेर आली. थोरलीने आढेवेढे घेतले, पण दुधाचं निघालंच.

शेवटी दोघींना समोर उभं करून डॉक्टरने बेरीज ऐकवली. "जेवणाआधी साय घातलेलं दूध. दुपारी कलेजी, चीज, बिस्कीट. त्यावर पपई. संध्याकाळी पुन्हा दूध. हा म्हातारा कुत्रा आहे की लग्नाला आलेला व्याही?"

दोघी मास्तरच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही. म्हाताऱ्याचं पोट तर रोज एकच साधं खाणं मागतं. तपासणीसाठी रक्त घेतेय, या वयात मूत्रपिंडं आणि यकृत बघून घेतलेलं बरं. एक वेळचं खाणं बंद, त्याहून जास्त उपाशी ठेवू नका. पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मग मऊ गिजगा भात आणि नुसतं उकडलेलं कोंबडीचं मांस. कातडं नाही, हाड नाही, मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण तर वासालाही नाही. मूठमूठभर, दिवसातून चार-पाचदा. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. रक्त दिसलं, उलट्या लागल्या, पाणी पिईना, तर तडक इथे आणायचं. जिने शक्यतो कमी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एकाच हाताने खायला द्यायचं. एकाच. कोणाच्या?"

पडदा गेला, गिऱ्हाईक गेलं, त्याचं थोरलीला काही नव्हतं. आता मात्र जे बोललं जाईल त्यावर मास्तर कोणाचा हे ठरणार होतं.

"यांच्या," धाकटी लगेच म्हणाली. "त्यांचाच आहे तो."

आणि थोरलीला काडीचाही आनंद झाला नाही. ओढून घ्यायचं म्हणून मुठी वळाव्यात आणि समोरच्याने हातावर ठेवून मोकळं व्हावं, यासारखा अपमान नाही. बघा, दिलं! म्हणजे द्यायला ते हिचं होतं!

पण सेवा थोरलीने चोख केली. भात इतका शिजवायची की शिताला शीत ओळखू येऊ नये. मांसाचे धागे बोटांनी सोडवायची, कापडाची उसवण काढावी तसे. पाणी वाटीत बोटभरच ओतायची आणि ते संपलं की पुन्हा. सकाळी रस्त्याच्या कडेला मास्तरमागे वाकून उभी राहायची आणि जे पडलं ते निरखायची. समोरच्या घरची बाई म्हणाली, "इतकं काय बघता?" "तुम्ही मुलाचं प्रगतिपुस्तक बघता ना," थोरली म्हणाली, "तसं." रक्ताचे अहवाल चांगले आले. पोटातलं मशीन थांबलं. प्रगतिपुस्तक सुधारलं.

सुधारलं नाही ते एकच. दुपार झाली की मास्तर जिन्याशी जाऊन उभा.

तिने त्याला पडद्याच्या पट्टीने टेबलाच्या पायाला बांधलं. तो बसला, पण जिन्याकडे तोंड करून, आणि कुईकुई असं करायला लागला की बॉबिन भरताना तिचा दोरा दोनदा तुटला. "अरे, तिथे आता काही मिळत नाही तुला," ती म्हणाली. "तिने कबूल केलंय." मास्तरने भुवया उचलल्या. उत्तर चुकलं, असा त्यांचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी तिने सोडलं. तो गेला. तिसऱ्या दिवशी तिच्याच्याने बघवेना. भातमांसाची वाटी समोर ठेवली तेव्हा तो तिच्याकडे असा बघायचा, जणू सगळी बेचव शिक्षा तिनेच शोधून काढली होती. आणि धाकटी? धाकटी काही न देता लाडकी! तेव्हा थोरलीने विचार केला, आता बरा तर आहे. तिने जुनं खाणं एकदम भांडंभर काढलं, त्यावर कोंबडी शिजवलेलं पाणी ओतलं, तरंगत्या चरबीसकट, आणि स्वतः बसून खाऊ घातलं. मास्तरने भांडं असं चाटलं की ते भिंतीपर्यंत सरकत गेलं. थोरलीला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी पोटातलं मशीन पुन्हा सुरू झालं, आणि सकाळी पहिले पाढे पंचावन्न.

फोनवर डॉक्टर म्हणाली, "जुनं खाणं एकदम दिलंत? चमचाभर मिसळत मिसळत आठवडाभराने पूर्ण करायचं असतं. आणि चरबी? पुन्हा भातावर आणा." म्हणजे थोरलीला कारण कळलं होतं, अगदी स्वच्छ. तरीही फोन ठेवताठेवता तिच्या मनाने ठरवलं की धाकटीने वर काहीतरी दिलं असणार. मत्सराला पुरावा लागत नाही. समोर असलेला पुरावासुद्धा तो बाजूला सारून ठेवतो.

तिने मुद्देमालासह पकडायचं ठरवलं. त्या दुपारी मास्तरला वर जाऊ दिलं. मशीन बंदच ठेवलं, नेहमीसारखी पाठ टेकल्याचं सोंग केलं, मग चपला काढून अनवाणी जिना चढली. कठड्याला धरून, गुडघ्यांना दम देत. दार उघडंच होतं.

धाकटी खुर्चीत बसली होती. हातात काही नव्हतं. समोर ताटली नाही, वाटी नाही, चुरासुद्धा नाही. आणि मास्तर तिच्यापाशीही नव्हता. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडला होता. पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर चादरीएवढं पसरलं होतं, त्याच्या बरोबर मध्यावर, मागचे ताठर पाय लांब करून, डोळे मिटून.

"या," धाकटी म्हणाली. ती दचकली नव्हती. "झडती घ्यायची असेल तर घ्या. कपाट उघडं आहे."

"मी कशाला झडती घेऊ?" थोरली म्हणाली आणि कपाटाकडे बघितलं.

"त्याला पुन्हा जुलाब लागलेत ना? सकाळी बघितलं मी वरून. मी शपथेवर सांगते, एक कण दिला नाही."

चरबीचं पाणी थोरलीच्या जिभेवर आलं आणि परत गेलं. धाकटीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. जन्मभर लोकांच्या तोंडाकडे बघून फ्रेमा निवडलेली बाई ती.

"रस्सा घातलात का?"

"वरचं पाणी. थोडंसं."

"थोडंसं," धाकटी म्हणाली. हसली नाही, हे तिचे उपकार. मग खुर्चीवरून मास्तरकडे बोट केलं. "तुम्हाला वाटतं ना हा माझ्यासाठी येतो? मलाही वाटायचं. वाटच बघायचे. आता बघत राहा. ते ऊन तिकडे कपाटाच्या पायापाशी गेलं, की हा उठणार. माझ्याकडे वळून बघणारसुद्धा नाही. म्हणून तर मी तुकडे द्यायला लागले. ऊन गेलं तरी थांबावं म्हणून."

"थांबायचा?"

"तुकडा संपेपर्यंत. आणि खाली तुमचं मशीन सुरू झालं, की तुकडा तोंडात तसाच धरून जिन्याकडे. चीजसुद्धा सोडून जायचा, जाऊबाई. इतका राग यायचा मला त्या मशीनचा!"

थोरली खिडकीच्या कठड्यावर टेकली. "काय म्हणालीस?"

"मशीनचा राग यायचा."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

"चीज सोडून जायचा."

"कोणत्या आवाजाला?"

"तुमच्या मशीनच्या," धाकटी म्हणाली. "आणखी एकदा सांगू, की लिहून देऊ?"

थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा धाकटीचं बोलणं आवडलं. पण आवडून होतंय न होतंय तोच तिची नजर खिडकीवर गेली आणि तिथेच थांबली. हीच खिडकी खाली दुकानात होती. याच भिंतीत, याच्या बरोबर खाली, एवढीच मोठी. तिच्यावर थोरलीने लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काळं जाड अस्तर ठोकून टाकलं होतं, कारण पश्चिमेच्या उन्हाने कापड विटतं. मखमल तर एका उन्हाळ्यात जाते. पडद्याच्या धंद्यात ऊन हा पहिला शत्रू, हे तिने शिकलेलं पहिलं कलम होतं. थोरलीने जन्मभर लोकांच्या खिडक्या सजवल्या आणि आपली बुजवून ठेवली. त्या बुजवलेल्या खिडकीखाली, गार फरशीवर, तिचा म्हातारा कुत्रा आखडलेले पाय घेऊन सगळी सकाळ काढायचा आणि दुपारी ऊन शोधत जिना चढायचा.

तिने धाकटीला काही सांगितलं नाही. का सांगावं? सरळ खाली गेली, पक्कड घेतली आणि अस्तराचे खिळे उपसायला बसली. कापडाचे तागे दुसऱ्या भिंतीला लावताना कंबर मोडली. मखमल आतल्या खोलीत गेली. दुसऱ्या दुपारी दुकानात ऊन आलं. इतक्या वर्षांची धूळ त्यात नाचताना बघून थोरली स्वतःच शिंकली. मास्तर जिन्याकडे निघाला होता. तो मध्येच थांबला, ऊन हुंगलं, एक गोल फेरी मारली आणि धप्पकन आडवा झाला.

वर खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. जिन्याच्या तोंडाशी थांबली. बराच वेळ. मग परत गेली.

थोरलीने ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं. उगाच खोटं कशाला? चांगलंच बरं वाटलं. तिने त्या दिवशी गाणं गुणगुणत झालर लावली. दुसऱ्या दिवशी पावलं पुन्हा दारापर्यंत आली, तेव्हाही बरं वाटलं, पण झालर वाकडी गेली. तिसऱ्या दिवशी पावलं आलीच नाहीत. वर काहीच आवाज नव्हता. मास्तरने झोपेतून एक डोळा उघडून छताकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" थोरली म्हणाली. "तिला पाय आहेत की. मी का आमंत्रण देऊ?"

मास्तर बघतच राहिला. भुवया वर.

"अगं ए!" थोरली जिन्याखाली जाऊन ओरडली. "काय करतेस वर?"

"काही नाही."

"काही नाही तर खाली ये. हा पडदा उसवायचाय. काळ्यावर काळा दोरा, मला दिसत नाही. डोळे शाबूत आहेत ना तुझे? चष्म्याच्या दुकानातली तू!"

धाकटी आली. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आली, म्हणजे किती वेळ बसायचा बेत होता ते कळलंच. दारात थांबून तिने उघडी खिडकी बघितली, ऊन बघितलं, उन्हातला मास्तर बघितला.

"अच्छा," ती म्हणाली. "गुपचूप गुपचूप."

"माझी खिडकी आहे. उघडीन नाहीतर बुजवीन."

"बरं केलंत. जिने वाचले त्याचे." आणि वाकून म्हणाली, "काय मास्तर?"

मास्तरने न उठता शेपूट फरशीवर आपटलं. फाट, फाट, फाट. थोरलीने ते ऐकलं. सकाळपासून तिने त्याला चार वेळा मऊ भात भरवला होता, धागा धागा सोडवून, आता त्यात जुनं खाणं चमचाभर, नेमकं चमचाभरच मिसळून. आणि तिच्या वाट्याला शेपटाचं एकही फाट आलं नव्हतं.

"उसवायचं कुठून?" धाकटीने विचारलं.

"इथून. आणि कापड ओढू नको, दोरा काप."

दोघी बसल्या. मशीन चालू झालं, मास्तर घोरू लागला. ऊन हळूहळू सरकत होतं, आणि अर्धवट झोपेत मास्तरही त्याच्याबरोबर सरकत होता, वीतभर, मग आणखी वीतभर. थोरलीच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. ऊन मशीनकडून निघून पलीकडच्या भिंतीकडे चाललं होतं, आणि बरोबर तिथे, दुपार संपताना ते ज्या ठिकाणी सगळ्यांत शेवटी रेंगाळणार होतं त्या ठिकाणी, धाकटीने आपली खुर्ची मांडली होती.

थोरलीने मशीनचं पायडल थांबवलं, उभी राहिली आणि मशीनच्या टेबलाला खांदा लावला.

"अहो, काय करताय?" धाकटी म्हणाली. "जड आहे ते!"

"उजेड कमी पडतोय," थोरली म्हणाली. "बघत काय बसलीस? दुसऱ्या बाजूने धर."